सप्रेम भेट

कायद्याच्या नजरेत मी शिक्षणतज्ज्ञ आहे. हे मी घरी जाहीर केलं तेव्हा आमची ही कोथिंबीर निवडत होती. तिने काड्या बाजूला सारल्या, चष्मा कपाळावर चढवला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "अहो, कायद्याला तुमचा दहावीचा इंग्रजीचा पेपर माहितीय का?"

त्याचं असं झालं. २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला आणि त्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी नि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती लावून दिली. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांपैकीच कुणीतरी, सचिव मुख्याध्यापक. उरलेल्या पाव हिश्शात आपल्या राज्याच्या नियमांनी शिक्षक आणि गावचे निवडून आलेले सदस्य बसवले आणि त्यांच्या शेजारी 'स्थानिक शिक्षणतज्ज्ञ' नावाचा एक प्राणी बसवला. आमच्या गावात स्थानिक भरपूर आहेत. तज्ज्ञांचीही वाण नाही; पारावर बसलेला एकेक जण पावसापासून पाकिस्तानपर्यंत कशावरही शेवटचा शब्द बोलून मोकळा होतो. पण दर बैठकीला येईल, भत्ता मागणार नाही, कुठल्याच पार्टीचा नसेल आणि सही मात्र वळणदार करील, असा माणूस काही मुख्याध्यापिकाबाईंना सापडेना. मी तेव्हा बँकेतून निवृत्त होऊन घरी बसलो होतो. घरी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरच्या आमच्या ओट्यावर. एका सकाळी बाई रस्ता ओलांडून आल्या नि म्हणाल्या, "काका, तुम्ही मोकळेच असता ना?" मी हो म्हणालो. तीच माझी मुलाखत.

पहिल्या बैठकीला मी इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला दोन पेनं लावून, बगलेत नवीकोरी फाइल मारून गेलो. समितीत बहुतेक आयाच होत्या. अध्यक्षबाई गावच्या दूध संकलन केंद्रावर माप घेतात. पहाटे फॅट आणि डिग्री बघून भल्याभल्या म्हशीवाल्यांचा चेहरा उतरवायची त्यांना सवय आहे. त्यांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही. "अण्णा, टाकीच्या स्टँडचा एक पाय गंजून खल्लास झालाय. पुरी भरली तर कोसळंल, म्हणून अर्धीच भरतोय. छोट्या सुट्टीतच पाणी संपतंय. मग पोरींच्या संडासात पाणी न्हाई, म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत न्हाईत." सगळ्या आयांनी माना डोलावल्या. बाईंनी सांगितलं, की शाळेच्या पटाप्रमाणे वर्षाला जे पंचवीस हजारांचं संयुक्त अनुदान येतं, त्यात विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, रंग आणि किरकोळ दुरुस्ती बसवता बसवता मार्चच्या आधीच हात वर होतात. पाच मिनिटांत सगळं बोलून झालं होतं.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. बँकेत तीस-बत्तीस वर्षं मी असं वाक्य लिहीत आलो, की जे वाचून कुणालाही काहीही करावंसं वाटू नये. ती कला एवढ्यात थोडीच जाते? मी लिहिलं, 'शाळेच्या पायाभूत सुविधांच्या सक्षमीकरणाबाबत साधकबाधक चर्चा झाली.' बाईंनी वाचलं, अध्यक्षबाईंनी सही केली, आणि गंजलेला पाय माझ्या वळणदार अक्षराखाली कायमचा पुरला गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी शिक्षणतज्ज्ञ. चहा आला, बिस्किटं आली, आणि मला कर्मवीर आठवले. आमचा जिल्हा सातारा. इथे शाळेच्या बैठकीत कर्मवीर भाऊराव पाटील न आठवणं हा फाऊल धरतात. मी उभा राहिलो आणि १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था कशी सुरू झाली तिथपासून धरलं. साताऱ्याचं वसतिगृह, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत कशी जेवली, घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून 'मुष्टी फंड' कसा उभा केला, आणि मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा कसं दिलं, हे सांगताना माझा स्वर असा भरून आला, की खिचडी शिजवणाऱ्या मावशीही चुलीवरचं पातेलं सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. खिचडी खालून लागली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग आपणबी काढू की अण्णा मूठमूठ. मिस्त्रीला कितीसं द्यायला लागतंय?"

आणि मी, कर्मवीरांचं नाव अजून ओठांवर असताना, म्हणालो, "छे छे, ताई! तो काळ वेगळा. आता उद्योगजगत, शाळा आणि समाज यांची भागीदारी करायची असते. तुम्ही ते माझ्यावर सोडा."

त्यांनी सोडलं. (रात्री घरी मी मंगळसूत्राचा प्रसंग पुन्हा सांगायला लागलो, तर ही गळ्याशी हात नेऊन आतल्या खोलीत निघून गेली.)

भागीदारीचा अभ्यास मी मोबाइलवर केला. नातवाने मला शोधायला शिकवलं आहे. थांबायला शिकवलेलं नाही. रात्री कधीतरी मला कंपनी कायदा, २०१३ चं एकशे पस्तिसावं कलम भेटलं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे, आणि त्या समाजकार्याच्या यादीत शिक्षण ठळकपणे आहे. सीएसआर, सीएसआर म्हणतात ते हेच. मला झोप येईना. देशात कायद्याने पैसा वाहतो आहे आणि आमची टाकी अर्धी! सकाळी उठून मी यादी केली: गावातले उद्योग. पहिला उद्योग, घरापासून सगळ्यात जवळचा म्हणून, पिठाची गिरणी.

जाताना हिने गव्हाचा डबा हातात दिला होता. गिरणीवाले आप्पा नखशिखांत पांढरे, पट्टा धडधडतोय, आणि मी त्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "आप्पा, तुमची नक्त मालमत्ता पाचशे कोटींच्या वर जाते का?"

आप्पांनी गिरणी बंद केली. दिवसाउजेडी, लाइट असताना, दळण अर्धं असताना आप्पांनी बटण दाबल्याचं आमच्या आळीने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. रांगेतल्या बायका आपापला डबा पोटाशी घेऊन माझ्याकडे बघायला लागल्या. "कुणी पाठवलंय तुम्हाला?" आप्पांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, मी शाळेकडून आलोय, घाबरू नका, मालमत्ता नसली तरी चालेल, वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी असला तरी बसतं. आप्पा म्हणाले, "अण्णा, मी किलोला पाच रुपये घेतो." माझ्यातल्या बँकेने तिथल्या तिथे हिशेब केला. पाच कोटी नफ्यासाठी आप्पांना वर्षाला एक कोटी किलो दळण दळावं लागलं असतं, तेही विजेचं बिल न भरता, स्वतः न जेवता. मी तसं त्यांना समजावूनही सांगितलं. रांग गप्प. मग आप्पांनी माझ्या कपाळावर पिठाचा हात ठेवून ताप बघितला.

घरी आलो. ही म्हणाली, "पीठ?" डब्यात गहूच होते.

मग मी मोठा मासा धरायचं ठरवलं आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेलो. नाव सांगत नाही; माणसं भली होती, गोंधळ माझा होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत माझं नाव, गाव, येण्याचं कारण, गाडी नंबर लिहून घेतला आणि माझ्या पायांकडे बघून मान हलवली. आत चपला चालत नाहीत. त्याने मला कोठीतून लोखंडी चवड्याचे सेफ्टी बूट काढून दिले, ते माझ्यापेक्षा निदान दोन नंबर मोठे, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट, ते दोन नंबर लहान. अशा थाटात, बगलेत फाइल दाबून, हेल्मेट एका हाताने धरून, टाक्-टाक् आवाज करत मी उद्योगजगतात प्रवेश केला. समोर एक पंचविशीतला पोरगा होता. फार नम्र. त्याने पाणी दिलं, कॉफी दिली आणि विचारलं, "सर, तुमची संस्था रजिस्टर्ड आहे? सीएसआर-वन भरलाय?" मला त्या कलमापुढचं वाचायचं राहिलं होतं. २०२१पासून ज्या संस्थेमार्फत असा पैसा खर्च करायचा, तिला तो फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, असं त्याने न कंटाळता समजावलं. शिवाय यंदाचं बजेट ठरून गेलेलं होतं. शेवटी तो म्हणाला, "तरी सांगा ना सर, नेमकं काय हवंय?"

वाचकहो, इथे जग थांबलं होतं. 'टाकीच्या स्टँडचा एक पाय' एवढे चार शब्द मी बोललो असतो, तर त्या पोराने कदाचित मागच्या शेडमधून कुणाला तरी हाक मारली असती. पण समोर काचेचं टेबल, खाली गालिचा, डोक्यावर हेल्मेट. अशा वातावरणात पाय कसा मागायचा? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "शाळेच्या पायाभूत सुविधांचं सर्वांगीण सक्षमीकरण."

त्याने डायरीत लिहून घेतलं. निघताना त्याने एक रंगीत पोस्टर भेट दिलं, हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं. ते आम्ही संडासाच्या भिंतीवर लावलं, बरोबर त्या नळाच्या वर, ज्याला पाणी नव्हतं. पोरींच्या सातही पायऱ्या पाठ झाल्या.

घरी आल्यावर ही दारातच म्हणाली, "पायात काय आहे?" माझ्या चपला फाटकावर राहिल्या होत्या. उद्योगजगताकडून मिळालेली ती एकमेव भरीव मदत. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याचा फोन आला आणि तीही परत करावी लागली.

आता राहिली बाजारपेठ. मी पत्र तयार केलं. 'आपल्या आस्थापनेने शाळेच्या पायाभूत सुविधांच्या सक्षमीकरणात सन्माननीय भागीदार व्हावे, ही नम्र विनंती', खाली माझी सही, सहीखाली 'शिक्षणतज्ज्ञ'. झेरॉक्स काढल्या आणि सोनार, मेडिकल, हार्डवेअर, पतसंस्था, मंडप डेकोरेटर्स, वेल्डिंगवाले मिस्त्री, कापडवाले, रसवंतीवाले, सगळ्यांना स्वहस्ते वाटल्या. लोक आदराने वागले. दोन्ही हातांनी पत्र घेतलं, डोळ्यांसमोर धरलं, खालवर पाहिलं, आणि म्हणाले, "करू की अण्णा काहीतरी."

केलं. आठवड्याभरात पहिली भेट आली: भिंतीवरचं घड्याळ. सोनारांकडून. तबकडीवर बाराच्या खाली त्यांचं नाव, सहाच्या वर 'सप्रेम भेट', आणि मधल्या जागेत कसेबसे दोन काटे. मग पतसंस्थेकडून घड्याळ आलं. मग मेडिकलकडून, कापडवाल्यांकडून, आणि एक वडिलांच्या स्मरणार्थ. पुढे ओघच लागला आणि अकरा घड्याळं जमली. वर्गखोल्या चार. चार घड्याळं वर्गांत गेली, दोन व्हरांड्यात, बाकीची कपाटात, आणि तिथून रात्रंदिवस टिकटिक. प्रत्येकाची वेळ वेगळी. कारण सेल ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे घातलेले. दुसरीच्या गुरुजींनी वेळ शिकवताना मुलांना विचारलं, "बाळांनो, किती वाजले?" एक पोरगं उभं राहिलं. "कुणाचे, गुरुजी? सोनारांचे का पतसंस्थेचे?"

मी यावर बराच विचार केला आहे, दुसरं करायला काय होतं? देणाऱ्याची चूक काढता येत नाही. माणूस द्यायला निघतो तेव्हा अशी वस्तू शोधतो, जी परवडेल, टिकेल आणि जिच्यावर नाव दिसेल. घड्याळाकडे शाळेतला प्रत्येक जण दिवसातून शंभरदा बघतो, विशेषतः सुट्टीच्या आधी. टाकीच्या स्टँडवर कुणाचं नाव, आणि वाचणार कोण, कावळे? सरकारनेही २०२३ साली दत्तक शाळा योजना काढली तेव्हा मोठ्या देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडायची मुभा ठेवलीच होती, आणि त्यावर केवढा गदारोळ उठला होता. आमच्या दात्यांनी शाळेचं नाव शाबूत ठेवलं, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. फक्त वेळ मागितली.

एवढे भागीदार झाले म्हणजे त्यांचा मेळावा हवा. मेळावा म्हणजे फ्लेक्स. फ्लेक्सवाल्याकडे मी दात्यांचे फोटो दिले, आणि स्वतःचा एक, 'मार्गदर्शक' म्हणून, जरा मोठा लावा असं ओझरतं सुचवून. माझ्याकडे एकच अलीकडचा फोटो होता, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला. त्यात मी हयात असल्याचं मुद्दाम सांगावं लागतं असा चेहरा आहे. फ्लेक्सवाल्याचा सीझन चालू, कामाचा रेटा, त्याने कंप्युटरमध्ये आधीचं जे डिझाइन उघडं होतं त्यातच माझा चेहरा बसवला. कडेने झेंडूच्या फुलांची महिरप, दोन बाजूंना दोन समया, आणि मध्ये मी. खाली 'मार्गदर्शक' हा शब्द होता, पण तो बारीक.

फ्लेक्स एसटी स्टँडवर रात्री लागला. सकाळी सातला शेजारच्या गावचे माझे जुने सहकारी पांढरी टोपी घालून दारात उभे राहिले, मला बघून मट्कन ओट्यावर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेजारणीने, दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून, पिठलं-भाकरी आणली; मी दार उघडल्यावर तिला ती परतही नेता येईना आणि देताही येईना. हिने ती ठेवून घेतली. "आता केलीच आहे तर," म्हणाली. दहाच्या सुमारास माझ्याच जुन्या शाखेतून फोन आला, पेन्शनबाबत काही कळवायचं आहे का म्हणून. ज्या काउंटरमागे बसून मी उभ्या पेन्शनरांकडून ते जिवंत असल्याचे पुरावे मागितले, त्याच काउंटरपुढे मी त्या दुपारी माझा पुरावा होऊन उभा राहिलो. क्लार्क नवा होता. त्याने आधार कार्ड बघितलं, मला बघितलं आणि अंगठा लावायला सांगितलं.

तर असा मी, गावाच्या मते थोडक्यात वाचलेला, मेळाव्याला व्यासपीठावर बसलो. नारळ, गुलाबपुष्प, शाल हे सगळं झालं. शाल-नारळाचा खर्च समितीने कुठून करायचा हा प्रश्न निघाला तेव्हा तो खर्च मार्गदर्शकांनी केला. पण त्या मेळाव्यात एक बरी गोष्ट मी ठेवली होती, तीही जागा भरून काढायला: प्रत्येक व्यावसायिकाने मुलांना आपलं काम दोन मिनिटं सांगायचं.

सोनारांनी दोन मिनिटांत कॅरेट म्हणजे काय ते सांगितलं आणि मुलांना एकच उपदेश केला, की पावतीशिवाय कुठल्याही सोनाराकडून काही घेऊ नका. कापडवाले मीटर आणि वार यांच्या भानगडीत अडकले. आप्पा उभे राहिले, आज अंगावर पीठ नसल्याने ओळखूच येत नव्हते, आणि म्हणाले, धान्य दळलं की थोडी तूट येते. चौथीतल्या एका मुलीने हात वर केला. "तूट म्हंजे?" आप्पा म्हणाले, थोडं पीठ उडतं, थोडं गिरणीत राहतं. "मग गिरणीत राहिलेलं पीठ कुणाचं?" मंडपात असा सन्नाटा पडला, की कपाटातली घड्याळं ऐकू यायला लागली. मागच्या बाकांवरच्या बायका सरसावून बसल्या. हा प्रश्न गावाला तीन पिढ्या विचारायचा होता. मी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. कुणी साथ दिली नाही.

मग मिस्त्रींचा नंबर. ते माइकपुढे आले, पण मुलांकडे बघेचनात. त्यांची नजर आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे, उंच, कुठेतरी लागलेली. "त्या टाकीचा पाय गेलाय," ते माइकवर म्हणाले.

"व्हय तर," अध्यक्षबाई खालूनच म्हणाल्या. "दोन पावसाळं झालं. बघा की तेवढं, मिस्त्री."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय? माझी पोरगी हाय तिसरीत!"

सगळे माझ्याकडे वळले. मी शालीत जेवढं मावेल तेवढं अंग घेतलं. मिस्त्री खरोखरच भला माणूस. त्यांनी आवाज खाली आणून, पण माइक तोंडासमोर तसाच ठेवून, गावासमोर खुलासा केला. "अण्णा, तुमचं पत्र मी वाचलं. सक्षमीकरण म्हंजे काय ते घरात इचारलं, तर मंडळी म्हणाली, बचत गटाचं कायतरी असंल. हार्डवेअरवाल्यांना इचारलं, ते म्हणले, मी घड्याळ देतोय. मग मीबी घड्याळ दिलं."

पुढचं सगळं तासाभरात झालं, मेळाव्याचे अध्यक्षीय भाषण चालू असताना. मिस्त्रींचा पोऱ्या टेम्पोतून वेल्डिंगचं मशीन आणि दुकानात पडून असलेला अँगलचा तुकडा घेऊन आला, हार्डवेअरवाल्यांनी नळाचे वायसर आणि हातभर पाइप स्वतःहून आणला, बाईंनी मुलांना ठिणग्यांकडे बघू नका म्हणून वर्गात कोंडलं आणि मुलं खिडक्यांतून बघत राहिली. मी शिडी धरली. म्हणजे धरायला गेलो. मिस्त्री म्हणाले, अण्णा, तुम्ही जरा लांब बसा. गंजलेला पाय कापला, नवा जोडला, वर लाल रंगाचा हात मारला. किती झाले, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, घड्याळापेक्षा कमीच.

दुसऱ्या दिवशी टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली. दुपारच्या सुट्टीत संडासातल्या नळाला पाणी होतं, आणि सात पायऱ्यांची पोरींनी इतकी प्रात्यक्षिकं केली, की बाईंना ओरडून नळ बंद करावा लागला.

त्यानंतर समितीने माझ्या अनुपस्थितीत दोन ठराव केले. मी आजारी नव्हतो. मला निरोपच उशिरा दिला. पहिला ठराव, पत्रं अण्णांनी लिहू नयेत. दुसरा, शाळेत एक साधी वही ठेवावी. तिच्यात डाव्या बाजूला काय मोडलंय ते, उजव्या बाजूला ते गावात कुणाला जमतं ते, आणि सांगायला त्या घराची आई. वही मी पाहिली आहे. 'खिडकीची कडी — सुतार.' 'पंख्याचा आवाज — मोटार रिवायंडिंगवाले.' 'तिसरीला लिटर कळेना — डेअरी.' त्या शेवटच्या ओळीपायी अध्यक्षबाई केंद्रावरची मापं आणि काटा घेऊन वर्गात आल्या आणि तासभर लिटर, मिलिलिटर, अर्धा, पाव असं सगळं पोरांच्या हातून मापून घेतलं. मग त्या चौथीतल्या मुलीच्या आग्रहाखातर आप्पांकडे दोन किलो गहू वजन करून पाठवले आणि दळून आल्यावर पुन्हा काट्यावर ठेवले. निकाल काय लागला ते मी सांगणार नाही, आप्पांकडे मला अजून दळण न्यायचं असतं. पण आप्पा आता महिन्यातून एकदा स्वतः शाळेत येतात आणि वजाबाकी शिकवायला बसतात. गिरणीचा झाडू ते हल्ली गिऱ्हाईकासमोर मारतात, अशीही बातमी आहे.

वहीतलं एकही काम मोठं नाही. एकाही कामाला फ्लेक्स लागला नाही. माझ्या फाइलीतली 'शाळा-उद्योग-समाज भागीदारी आराखडा' ही बारा पानं मात्र नवीच्या नवी आहेत. ही त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी लिहिते, आणि मला कबूल केलं पाहिजे, तिच्या याद्यांतलं सामान वेळेवर घरी येतं.

समितीची मुदत संपली तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. पण नियमाप्रमाणे शिक्षणतज्ज्ञाची जागा भरावी लागते आणि बाई पुन्हा रस्ता ओलांडून आल्या. "काका, मोकळेच आहात ना?" मी म्हटलं, बाई, माझ्याकडून शाळेला काय मिळालं? त्या जरा विचारात पडल्या. म्हणाल्या, "ओटा समोरच आहे ना, सुट्टीच्या दिवशी शाळेवर लक्ष राहतं." ते मात्र खरं आहे. तेवढं मी मन लावून करतो.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावच्या शाळेला घड्याळ हवं असेल तर खुशाल कळवा. आमच्याकडे पाच शिल्लक आहेत, सगळी चालू. दात्यांची नावं पुसून देता येणार नाहीत, तेवढं चालवून घ्या, आणि नेताना सेल स्वतःचे आणा.